पहिल्यांदा उपास-प्रार्थना करताना: देवाचं ऐकायला बसायचं कसं

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नव्याने येऊ लागलेली माणसं उपास-प्रार्थनेबद्दल पाळकांना बहुतेक वेळा आधी हेच विचारतात: उपासाला काय चालतं? मराठी घरात वाढलेल्याला हा प्रश्न पडणारच. साबुदाणा चालतो, भगर चालते, शेंगदाण्याची आमटी चालते, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. त्यात आपण इंदूरचे. इथली साबुदाण्याची खिचडी वरून फराळी मिक्श्चर घालून, लिंबू पिळून अशी समोर येते की माणसाने उपासाची वाट बघावी. ख्रिस्ती उपासात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या पदार्थांची अशी यादी नाही. जेवण सोडायचं आणि जेवणाचा तो वेळ देवाचं ऐकायला मोकळा ठेवायचा. जेवण सोडलं आणि तो वेळ मोबाईलवर गेला, तर ती नुसती उपासमार झाली.

बायबलमध्ये याचा सगळ्यात स्वच्छ नमुना प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ मध्ये आहे. अंत्युखियाच्या मंडळीतले पाच जण उपासना आणि उपास करत असताना पवित्र आत्मा त्यांना सांगतो की बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना मी ठरवलेल्या कामासाठी वेगळं करा. हा उतारा वाचताना दोन गोष्टी नीट बघा. एक, ते काही मागत बसले होते असं तिथे लिहिलेलं नाही. दुसरी, आज्ञा ऐकल्यावर ते तडक निघाले नाहीत. त्यांनी पुन्हा उपास केला, प्रार्थना केली, दोघांवर हात ठेवले आणि मग त्यांना रवाना केलं. पहिल्यांदा उपास करणाऱ्याने एवढा एक उतारा मनात पक्का ठेवला तरी पुढच्या अर्ध्या चुका टळतात.

आधी हे ठरवा: तुम्ही उपास करावा का?

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. पोट रिकामं आणि औषध मात्र चालू, अशा वेळी रक्तातली साखर झपाट्याने उतरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, खूप थकलेली वयस्कर माणसं, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असणारे, अलीकडेच मोठ्या आजारातून उठलेले आणि खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी बिघडलं होतं असे लोक, या सगळ्यांनी अन्नाचा उपास करू नये. ज्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात त्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत, आणि उपासासाठी बंद तर मुळीच करू नयेत. औषध बंद करून केलेला उपास जास्त पवित्र असतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शास्त्रात तसं कुठेही नाही.

यात कमीपणा मानू नये. दानीएलाने तीन आठवडे फक्त रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केला होता (दानीएल १०). जेवण चालूच ठेवावं लागणाऱ्याने तसं काही निवडावं. इंदुरी माणसाने महिनाभर जेवणावरची सेव सोडून बघावी. आपल्याकडे पोह्यांवर सेव, वरणात सेव, भाजीही सेवेची, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा हात बरणीकडे जातो आणि प्रत्येक वेळी आपण कशासाठी थांबलो आहोत ते आठवतं. मोबाईल, मालिका आणि रात्रीचा सराफा बाजारातला खाऊ हेही असंच सोडता येतं.

आठवडाभर आधीची तयारी

दिवस निवडा. पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. आजही शुक्रवार सोयीचा पडतो, कारण तो प्रभूच्या वधस्तंभाचा दिवस. रविवारी करू नका, तो पुनरुत्थानाचा आनंद करण्याचा वार आहे. रात्रपाळी, परीक्षा, लांबचा प्रवास किंवा घरातलं लग्नकार्य ज्या दिवशी असेल तो दिवसही टाळा.

पहिल्या खेपेला फक्त दुपारचं जेवण सोडा. दुसऱ्या खेपेला, म्हणजे एक-दोन आठवड्यांनी, सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण दोन्ही सोडा. गुरुवारी रात्री आठला जेवलात आणि शुक्रवारी संध्याकाळी सात-आठला उपास सोडलात की साधारण चोवीस तास होतात. नवख्या माणसाने याच्या पुढे जायचं कारण नाही. येशूचे चाळीस दिवस किंवा एस्तेरचे अन्नपाण्याविना तीन दिवस हे वाचून मनन करण्यासाठी आहेत, पहिल्या महिन्यात करून बघण्यासाठी नाहीत. पाणी तर कधीच सोडू नका.

चहा आधीच कमी करा. दिवसाला चार कप घेत असाल तर चार दिवस आधीपासून रोज एकेक कप कमी करत या. चहा-कॉफी एकदम तुटली की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. पुष्कळ नवे लोक या डोकेदुखीला सैतानाचा हल्ला समजतात आणि घाबरतात. ती चहाची डोकेदुखी असते.

आदल्या रात्री ठासून जेवू नका. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यालाही लागू आहे. वरण-भात, एखादी भाकरी, साधी भाजी पुरे. लोणचं, पापड आणि नमकीन त्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी फार तहान लागते. दहाला झोपा.

घरच्यांना सांगा. आपला उपास लोकांना दिसू देऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं प्रभू मत्तय ६ मध्ये सांगतो. ते दिखाव्याविरुद्ध आहे, घरच्यांपासून लपवण्यासाठी नाही. नवऱ्याला किंवा बायकोला माहीत नसेल तर भरलेलं ताट परत जातं, मग रुसवाफुगवा होतो आणि दिवस त्यातच जातो. आणखी एक गोष्ट इथे स्पष्टच लिहायला हवी. आपल्या घरांमध्ये बाईने उपासही करायचा आणि सगळ्यांचा तिन्हीत्रिकाळ स्वयंपाकही करायचा, असं होतं. फोडणीचा वास घेत, पोळ्या लाटत कोणाचं मन प्रार्थनेत राहील? त्या दिवशीचं स्वयंपाकघर दुसऱ्या कोणीतरी सांभाळावं. ते जमत नसेल तर आदल्या दिवशीच करून ठेवावं.

शेवटी, एका कागदावर एक ओळ लिहा: कशासाठी ऐकायला बसतोय. ‘भावाशी दोन वर्षं बोलणं नाही, त्याचं काय करू?’ किंवा ‘माझ्याकडे जे आहे त्याचा मी कसा वापर करतोय?’ प्रश्न खुला असावा. ‘ही नोकरी मला दे, मी पाच शुक्रवार करतो’ हा नवस झाला आणि नवसात उत्तर आपणच आधी ठरवलेलं असतं. मागणं वाईट नाही, प्रभूनेच मागायला शिकवलं आहे. पण मागण्यांची यादी वेगळी करा आणि तिला बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं द्या. ती आधी घेतली तर सगळा वेळ तीच खाते.

जागा आणि वेळ

मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जातो. इंदूरमध्ये तर याला पर्यायच नाही. एकदा कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत आली की घराघरातून ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे निघतात आणि दिवस सुरू होतो. त्याच्या आत तुमची बैठक झालेली असावी. घर लहान असेल तर गॅलरी, गच्ची, जिन्याचं शेवटचं वळण, काहीही चालेल. अंथरुणावर बसू नका, झोप लागते. पाठ सरळ राहील अशी खुर्ची किंवा भिंतीला टेकून घातलेली बैठक बरी.

बायबल छापील घ्या. मोबाईलमध्ये वचन उघडलं की वरून संदेश टपकतातच. आपल्या शहरात बहुतेक मंडळ्यांची उपासना हिंदीत होते, काही ठिकाणी इंग्रजीत किंवा मल्याळममध्ये. एकट्याने बसताना मात्र ज्या भाषेत तुम्ही आईशी बोलता तीच घ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. शब्द ओळखीचा असला की तो मनात लवकर उतरतो.

सोबत एक साधी वही आणि पेन ठेवा. वहीच्या डाव्या पानाचं आणि उजव्या पानाचं काम वेगळं आहे, ते पुढे येईल.

एका बैठकीची चाळीस मिनिटं

पद्धत जुनी आहे. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर स्तब्ध राहणं. पंथ कुठलाही असो, याहून चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही. १ राजे, अध्याय १९ घेऊन ती करून बघू.

पहिली पाच मिनिटं फक्त बसा. श्वास सावकाश घ्या आणि मनात एवढंच म्हणा: ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ लहानग्या शमुवेलाला एली याजकाने शिकवलेलं वाक्य हेच. शमुवेलाने देवाची हाक तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा एलीने बोलावलं समजून तो त्याच्याकडे धावला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा असा घोटाळा होतोच, घाबरू नका.

मग आठ मिनिटं वाचन. वचन १ ते १८ दोनदा, मोठ्याने, सावकाश. पहिल्या वाचनात गोष्ट कळू द्या. ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा पळतो, रानात झुडपाखाली मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, परत झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो आणि त्या बळावर चाळीस दिवस चालत होरेब डोंगरावर पोहोचतो. तिथे सोसाट्याचा वारा, मग भूकंप, मग अग्नी. परमेश्वर या तिन्हींत नव्हता. त्यानंतर एक शांत, मंद वाणी आली.

दुसऱ्या वाचनात कुठला शब्द तुम्हाला अडवतो ते बघा. अडवणं म्हणजे डोळे पुढे सरकतात पण मन तिथेच राहतं. कोणाला ‘भाकर’ अडवेल, कोणाला ‘मी एकटाच उरलो आहे’. तो शब्द वहीच्या उजव्या पानावर लिहा. दोन-तीन शब्द आवडले तरी एकच घ्या.

पुढची दहा मिनिटं मनन. त्या शब्दाला धरून उताऱ्याला प्रश्न विचारा. याच उताऱ्यात किती आहे बघा: देव एलीयाला विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया उत्तर देतो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि मंद वाणी होऊन जाते. देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि एलीया अक्षरशः तेच उत्तर पुन्हा देतो, जणू मधलं काही घडलंच नाही. मीही देवाला रोज तेच ठरलेलं गाऱ्हाणं ऐकवतो का? आणि देवाने उत्तरादाखल काय दिलं? काम दिलं: परत जा, याला अभिषेक कर, त्याला अभिषेक कर. आणि एक दुरुस्ती केली: तू एकटा नाहीस, बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. शिवाय हे सगळं बोलण्याआधी देवाने त्याला जेवू घातलं आणि दोनदा झोपू दिलं. दमून-भागून, चार तास झोप झालेली असताना ऐकायला बसलेल्या माणसाने हे विशेष लक्षात घ्यावं. कधी कधी त्याला देवाकडून मिळणारी पहिली आज्ञा झोपण्याचीच असते, आणि ती पाळावी.

मग पाच मिनिटं प्रार्थना, म्हणजे त्या शब्दावरून जे सुचलं ते देवाला सांगणं. भाषा सजवू नका. राग आला असेल तर राग सांगा, स्तोत्रकर्त्यांनी तो कुठे लपवला?

त्यानंतर सात मिनिटं मौन. सगळ्यात अवघड भाग हा. नव्यांनी तीन मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवावं. मौनात डोकं रिकामं करायचं नसतं, देवासमोर हजर राहायचं असतं. विचार येतील: गॅस नोंदवायचा राहिला, मुलाची फी भरायची आहे. असा विचार आला की डोळे उघडून वहीच्या डाव्या पानावर दोन शब्द टिपा आणि परत या. त्याच्याशी झटापट केलीत तर तो मोठा होतो, टिपला की गप्प बसतो. मन फारच भरकटलं तर श्वासाबरोबर आंधळ्या बार्तीमयाची हाक म्हणा: श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’.

शेवटची पाच मिनिटं लिहिण्याची. तारीख, उतारा, अडवलेला शब्द, आणि काही करावंसं वाटलं असेल तर ते एका ओळीत. मागण्यांची यादी आता काढा.

उपासाचा दिवस

सकाळची बैठक वर सांगितल्याप्रमाणे. नाश्त्याच्या वेळी दोन पेले कोमट पाणी, हवं तर लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून. दिवसभरात अडीच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. मार्च-एप्रिलच्या उन्हात, जेव्हा पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा तीन लिटर. एकदम ढोसू नका, तासा-तासाला पेलाभर घ्या. भर उन्हात दुचाकीवर लांब जाणं त्या दिवशी टाळा.

सकाळी नऊच्या सुमारास पहिली खरी परीक्षा येते, कारण साऱ्या शहरात पोहे-जलेबीचा वास सुटलेला असतो. भूक लाटेसारखी येते. पंधरा-वीस मिनिटं जोरात राहते आणि ओसरते. ती आली की सकाळचा शब्द तोंडाने म्हणा. उपासाचं खरं काम इथे होतं, भूकच तुम्हाला दिवसातून सात-आठ वेळा देवाकडे वळवते.

दुपारच्या जेवणाची सुट्टी अर्धा तास असेल तर त्यातली वीस मिनिटं एखाद्या स्तोत्रासाठी द्या. कार्यालयात जागा नसेल तर बाहेर चालत जा. कोणी चहाला बोलावलं, तर खोटं बोलू नका आणि प्रवचनही देऊ नका. ‘काकू, आज नको, उद्या हक्काने येतो’ एवढं पुरतं.

चार-पाचच्या सुमाराला चिडचिड वाढते. उपास करणारा मुलांवर खेकसू लागला, तर घरच्यांना त्या उपासाचा काय उपयोग? यशया ५८ मध्ये देव हेच विचारतो: तुम्ही उपास करता आणि भांडता, तंटे करता. अशा वेळी दहा मिनिटं वेगळ्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा. तरी आवरत नसेल तर उपास सोडा आणि नीट वागा.

संध्याकाळी, उपास सोडण्याआधी अर्धा तास, दुसरी बैठक. यात नवं वाचन नको. दिवस मागे सरकवून बघा. कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं? लोयोलाच्या इग्नातियसने आपल्या लोकांना ही दिवसाची उजळणी रोज करायला सांगितली होती आणि ऐकण्याच्या सरावात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. देव बैठकीत काही बोलला नाही असं वाटलेल्यांना पुष्कळदा या उजळणीत कळतं की तो दुपारी, एखाद्या सहकाऱ्याच्या तोंडून बोलून गेला होता.

थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखं झालं तर ताबडतोब उपास सोडा: तीन चमचे साखर पाण्यात, बसून. मधुमेह असणाऱ्याने साखर तपासावी. ७० च्या खाली असेल तर हेच करून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि मग थोडं खावं. बरं वाटत नसेल तर डॉक्टर. उपास मोडला म्हणून देव रागावत नाही.

जे ऐकू आलं ते देवाचंच कशावरून?

बहुतेक वेळा कानांनी काहीच ऐकू येत नाही. एखादं वचन चिकटून राहतं, एखाद्या माणसाचं नाव परत परत मनात येतं, एखादी गोष्ट टाळत होतो ती आता टाळवत नाही. आणि पोट रिकामं असताना भावना तीव्र होतात, हेही खरं आहे. म्हणून पारख हवी. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगतो की सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा.

पहिली कसोटी: हे येशूच्या शिकवणीशी आणि स्वभावाशी जुळतं का? दुसऱ्याचा हक्क मारायला, बायकोला सोडायला किंवा सूड घ्यायला सांगणारा आवाज कितीही गोड असला तरी त्याचा नाही. दुसरी: त्याचं फळ काय? गलतीकरांस ५:२२-२३ मधली यादी समोर ठेवा, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची. घाई, भीती आणि ‘मीच निवडलेला’ असा फुगवटा त्या यादीत नाही. आणखी एक फरक अनुभवी पाळक नेहमी सांगतात: पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो ती नेमकी असते (‘त्या माणसाचे पैसे परत कर’), आणि तिच्याबरोबर वाटही असते. ‘तू काहीच कामाचा नाहीस’ असा मोघम धिक्कार त्याच्याकडून येत नाही.

उपासाच्या दिवशी मोठा निर्णय घेऊ नका. नोकरी, लग्न, घर, मोठी रक्कम यांतलं काहीही असेल तर वहीत लिहा आणि किमान दोन आठवडे थांबा. या काळात नीट जेवलेल्या, झोपलेल्या दिवशी ते पुन्हा वाचा आणि मंडळीतल्या दोन परिपक्व माणसांना दाखवा. तुमच्या हो ला हो न म्हणणारी माणसं निवडा. अंत्युखियात पाच जण होते, हे विसरू नका.

औषध बंद कर, घरच्यांशी संबंध तोड, आत्ताच्या आत्ता पैसे दे, असं काही ऐकू आलं, किंवा ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं’ म्हणत कोणी तसं सांगितलं, तर ते पाळू नका आणि त्याच दिवशी पाळकांना कळवा. कानांना स्पष्ट आवाज येऊ लागले, झोप उडाली, तर उपास थांबवून डॉक्टरांकडे जा.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर? तसे दिवस जास्त असतात. वहीत लिहा: ‘आज शांत.’ लूक २ मधली हन्ना मंदिरात रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करत म्हातारी झाली होती. बाळ येशूला आणलं तेव्हा ती तिथे हजर होती.

उपास सोडताना

आधी आभार माना, मग कोमट पाणी. त्यानंतर वाटीभर पेज किंवा मऊ मुगाची खिचडी, वर थोडं तूप. अर्ध्या तासाने हवं तर थोडी भाजी. कचोरी, जलेबी, तळलेलं आणि तिखट त्या रात्री नको. चोवीस तास निवांत असलेल्या पोटात एकदम तेल-मिरची गेली की जळजळ, मळमळ आणि रात्रभर जागरण. दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं जेवण.

न खाल्लेल्या जेवणाचे पैसे पाकिटात टाका. यशया ५८ मध्ये देव आपल्याला आवडणारा उपास सांगतो: अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. एम. वाय. रुग्णालयाबाहेर गावोगावचे नातेवाईक दिवस काढत असतात. दोन जणांच्या जेवणाचे पैसे तिथे सहज कामी येतात. याच अध्यायाचा अर्थ आपल्या इंदूरच्या परिसरात सिस्टर राणी मारिया यांनी जगून दाखवला. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्यांनी गोरगरिबांना सावकारांच्या विळख्यातून सोडवण्याचं काम केलं, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. २०१७ मध्ये इंदूरातच त्यांना धन्य (कॅथलिक मंडळीत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्यांचा स्मरणदिन पुष्कळदा लेंटमध्येच, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातच येतो. त्या दिवशी अध्याय ५८ वाचायला घ्यावा.

लेंटमध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. कॅथलिक मंडळीत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस अठरा ते एकोणसाठ वयाच्या सदस्यांसाठी उपासाचे: एक पूर्ण जेवण आणि दोन अगदी हलकी खाणी. लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. इतर मंडळ्यांत नियम सैल आहेत, ते आपापल्या पाळकांना विचारा. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे.

आपल्या शहराची एक खास अडचण म्हणजे होळी आणि रंगपंचमी बहुतेक वर्षी लेंटमध्येच येतात. २०२७ मध्ये तर होळी थेट पवित्र सप्ताहात (ईस्टरआधीच्या आठवड्यात) आणि रंगपंचमी गुड फ्रायडेच्या आसपास आहे. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर (रंगांची मिरवणूक) निघते, रस्ते बंद होतात आणि लाखभर माणूस रंगात असतो. त्या भागातून उपासनेला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच दुसरा रस्ता बघून ठेवावा किंवा लवकर निघावं. शेजारी रंग आणि गुझिया घेऊन दारात आले तर दार लावून घेऊ नका. रंग लावून घ्या, गुझिया ठेवून घ्या, उपास सुटल्यावर खा. अन्नाचा उपास दुसऱ्या दिवशीही करता येईल.

सहा आठवड्यांची आखणी अशी करा: पहिले दोन शुक्रवार फक्त दुपारचं जेवण सोडून, पुढचे तीन शुक्रवार रात्रीच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत, आणि गुड फ्रायडेला आपल्या मंडळीबरोबर. रोजची सकाळची बैठक वीस मिनिटांची आणि उपासाच्या दिवशी चाळीस. ईस्टरनंतर उपास थांबवा. वही सुरुवातीपासून एका बैठकीत वाचून काढा, उजव्या पानावर जो शब्द तीनपेक्षा जास्त वेळा आला असेल त्याखाली रेघ मारा, आणि ती वही घेऊन पाळकांना किंवा फादरना भेटायला जा.